बाईंना विचारा : बगळा, अळंबी आणि मधलं वारूळ

प्रश्न : बाईंना नमस्कार. माझी नात सहावीत आहे. शाळेत ‘दोन सजीवांची तुलना करा’ असा गृहपाठ होता. बाकीच्या मुलांनी आंबा-काजू, कावळा-चिमणी असं लिहिलं. आमच्या पोरीने बगळा आणि रोवणाची, म्हणजे वारुळावरची, अळंबी घेतली. तिने लिहिलं की दोघेही पांढरे, दोघेही एका पायावर उभे राहतात, दोघेही पावसाबरोबर येतात आणि दोघांनाही पाळता येत नाही. वहीवर लाल शाईत शेरा आला, ‘एक प्राणी, एक वनस्पती. तुलना चुकीची.’ पोर हिरमुसली आहे. तिचं खरंच चुकलं का?
– एक आजोबा, संगमेश्वर तालुका

आजोबा, तुमच्या नातीच्या चार मुद्द्यांपैकी दोन पक्के आहेत, एक अर्धा आहे आणि एक साफ पडतो. शेरा मारणाऱ्यांचा मुद्दा एकच होता आणि नेमका तोच चुकला. मी स्वतः तीस-एक वर्षं लाल पेन चालवलंय, तेव्हा हे जरा हक्काने लिहिते.

अळंबी वनस्पती नाही. आपल्या पिढीने शाळेत तसं घोकलं हे खरं, पण १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली आणि बुरशी, अळंब्या यांना वनस्पतींतून बाहेर काढून त्यांची वेगळी सृष्टी केली. पुढे १९९० च्या दशकात जनुकं ताडून पाहता आली, तेव्हा तर असं निघालं की कवकांचं, म्हणजे या बुरशी-अळंब्यांचं, नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. म्हणजे काजूच्या बागेत वारुळावर उगवलेली अळंबी तिच्यावर सावली धरणाऱ्या काजूपेक्षा शेजारून चालत जाणाऱ्या बगळ्याला जवळची. जवळची म्हणजे किती, तर दोघांचा समाईक पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. पण काजूशी नातं सांगायचं तर त्याहूनही मागे जावं लागतं.

याचा पुरावा कोकणातल्या स्वयंपाकघरात मिळतो. कोळंबी सोलताना जी टरफलं निघतात त्यांत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. कुर्लीच्या पाठीत तोच, नाकतोड्याच्या अंगावर तोच, आणि अळंबीच्या पेशीच्या भिंतीतही तोच. झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची असते. झाड आपला साठा पिठूळ स्टार्चच्या रूपात ठेवतं. अळंबी तो ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, जसा तुमच्या-आमच्या यकृतात असतो आणि बगळ्याच्याही असतो. अळंबीला पानं नाहीत, हरितद्रव्य नाही, उन्हातून अन्न करायची सोय नाही. तिला दुसऱ्याने केलेलं खावंच लागतं. फरक इतकाच की बगळा आधी गिळतो आणि मग पचवतो. अळंबीचे तंतू पाचकरस बाहेर सोडतात, अन्न बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. (हे वाचून आता श्रावणात अळंबी चालते का, असं कोणी पत्र पाठवू नये. ते आपापल्या घरच्या मोठ्यांना विचारावं. आमच्या घरी यावर एकमत कधीच झालेलं नाही.)

आता नातीचे मुद्दे. पांढरेपणाचा मुद्दा पक्का, आणि तिला वाटला असेल त्यापेक्षा जास्त पक्का. बगळ्याच्या पिसात पांढरा रंग भरलेला नसतो. रंगद्रव्य मुळी नसतंच. पिसाच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवर आपटून उजेड सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. अळंबीच्या गरातही तंतूंच्या मध्ये हवा असते आणि तिथेही तोच खेळ चालतो. म्हणून पावसाने पार भिजून गेलेली अळंबी पांढरी राहत नाही, पारदर्शक, काचेरी दिसायला लागते. हवेच्या जागी पाणी शिरलेलं असतं. मात्र सगळे बगळे पांढरे नसतात हे नातीला सांगा. मळ्याच्या कडेला मान आखडून बसलेली ढोकरी मातकट असते, उडाली की पंख पांढरे लखलखतात. आणि आमच्या मालवणच्या खडपावर भरती-ओहोटीच्या रेषेत हिंडणारा समुद्रबगळा पुष्कळदा पाटीच्या दगडाच्या रंगाचा असतो. त्याच जातीत पांढरेही असतात, दोघे जोडी जमवतात, घरटी करतात.

एका पायाचा मुद्दा अर्धा. बगळा थकवा आणि थंडी वाचवायला पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो. पायावर पिसं नाहीत, उष्णता तिथून निसटते. एक पाय झाकला तर निम्मी गळती बंद. पाण्यातल्या पायाचीही तजवीज आहे. खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त एकमेकांना लागून वाहतं, त्यामुळे ऊब वरच्या वरच परत मिळते. अळंबीचा दांडा म्हणजे पाय नव्हे. छत्री जमिनीपासून वर उचलून धरणं एवढंच त्याचं काम. छत्रीच्या पोटाखाली जे पातळ पापुद्रे असतात त्यांवर बीजाणू धरतात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूवरच्या ओलाव्यात मिसळताच झटका बसतो आणि बीजाणू पापुद्र्यावरून सुटतो. तो जेमतेम मिलिमीटरच्या अंशाएवढाच उडतो, कारण जास्त उडाला तर समोरच्या पापुद्र्यावर जाऊन चिकटेल. मग सरळ खाली पडतो आणि छत्रीखाली आला की वारा त्याला घेऊन जातो. जमिनीला टेकलेल्या छत्रीखाली वारा कुठून येणार?

पावसाचा मुद्दा पडला. बगळे कोकणात बारा महिने आहेत. उन्हाळ्यात ते खाडीच्या चिखलात, कांदळवनाच्या कडेला असतात. भातमळे भरले की आत येतात आणि मग शाळेत जाता-येता पोरांच्या नजरेत भरतात. गंमत म्हणजे अळंबीही पावसाबरोबर येत नाही. तीही वर्षभर तिथेच असते, फक्त जमिनीखाली. वर दिसते ती तिची फळधारणा. तिच्या पेशी आधीच तयार असतात. पुरेसं पाणी मिळालं की भिजत घातलेल्या साबुदाण्यासारख्या फुगतात, म्हणून आपल्याला वाटतं की रात्रीत उगवली. नातीने या जागी ‘दोघेही वर्षभर असतात, पण पावसाळ्यातच नजरेत भरतात’ असं लिहावं. गुण वाढतील.

पाळता येत नाही, हा चौथा मुद्दा मला सगळ्यांत आवडला. धिंगरी अळंबी आज पुष्कळ बायका घरी भाताच्या पेंढ्यावर काढतात, बटन मशरूमचे तर कारखाने आहेत. रोवणाची अळंबी मात्र अजून कोणाला तशी पिकवून विकता आलेली नाही. कारण तिला आधीच कोणीतरी पाळलेलं आहे. ते कोण, हे पुढच्या एका पत्राच्या उत्तरात येईल, तेही नातीला वाचून दाखवा.

एक काम तिला माझ्याकडून सांगा. पुढच्या वेळी वारुळावरची अळंबी मिळाली तर तिच्या छत्रीचं मधलं टोक बोटाने चाचपून बघायचं. ते टोकदार, गडद आणि बाकीच्या छत्रीपेक्षा कडक लागतं. माती भेदून वर यायचं काम ते करतं. दांडा हळूच ओढला तर जमिनीखाली तो संपत नाही, बारीक होत-होत मुळासारखा खोल जातो. आणि मेलेला बगळा कुठे दिसला तर हात न लावता त्याच्या मधल्या बोटाचं नख बघायचं. आतल्या कडेला बारीक दाते असतात. बगळ्याच्या छातीवर काही पिसं अशी असतात की त्यांचा सतत भुगा होत राहतो. मासे खाऊन पिसांना बुळबुळ लागली की तो ही पूड अंगाला चोळतो आणि मग त्या दात्यांच्या नखाने विंचरून काढतो. चिखलात दिवस काढून बगळा पांढरा राहतो तो असा.

प्रश्न : बाई, पावसाळ्यात गाईंच्या मागे फिरणाऱ्या बगळ्यांच्या डोक्या-मानेला नारिंगी रंग दिसतो. आमच्याकडे म्हणतात तांबड्या मातीत लोळतात. खरं का?
– एक वाचक, राजापूर

नाही. तो विणीचा पोशाख. गायबगळ्याला वीण जवळ आली की डोकं, मान आणि पाठीवर तशी पिसं येतात, हंगाम सरला की जातात. एरवी तो पांढराफेक. बगळ्यांत हा जरा वेगळाच. पाणथळीपेक्षा गवतात जास्त रमतो. गुरं चालली की गवतातले नाकतोडे उडतात, ते टिपतो. हल्ली गुरं कमी झाली तर पॉवर टिलरच्या मागे चिखलात चालतो, त्याचं काही अडत नाही.

प्रश्न : बाई, आमच्या काजूच्या बागेत मोठं वारूळ आहे. दरवर्षी श्रावणाच्या तोंडावर त्यावर अळंबी येते. गेल्या वर्षी मुलांनी पहारीने खणून भरपूर काढली, हायवेवर विकली. यंदा पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी वारुळाभोवती बगळेच बगळे जमले, अंधार पडेपर्यंत काहीतरी टिपत होते. नंतर अळंबी आलीच नाही. सासूबाई म्हणतात, बगळ्यांनी बी खाल्लं. मिस्टर म्हणतात, वाळवीचं औषध ओतून वारूळच काढून टाकू, नाहीतर कलमं जातील. काय करू?
– एक वाचक, कुडाळ तालुका

सासूबाईंनी पाहिलं ते खरं, पण बगळ्यांनी खाल्लं ते अळंबीचं बी नव्हे. बगळा अळंबीला तोंड लावत नाही. त्या संध्याकाळी वारुळातून पंखवाली वाळवी बाहेर पडत होती, ती त्यांनी खाल्ली.

जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या तीनही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. वाळवी सुका पाला, लाकूड आणते खरी, पण वारूळ करणाऱ्या या वाळवीला ते एकटीने नीट पचवता येत नाही. म्हणून ती वारुळाच्या आतल्या खोल्यांत चघळलेल्या लाकडा-पाल्याच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेचे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यांवर एका कवकाची शेती करते. कवक ते लाकूड मऊ करतं, त्यावर पांढरे बारीक दाणे धरतात, वाळवी ते खाते. शास्त्रज्ञ त्या कवकाला टर्मिटोमायसिस म्हणतात. हे नाव रोजे हाइम या फ्रेंच कवकतज्ज्ञाने १९४२ मध्ये दिलं. ही शेती आफ्रिकेत सुरू झाली, साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून या वाळवीने ती सोडलेली नाही. पावसात त्या गड्ड्यातून दांडा निघतो, माती भेदून वर येतो, आणि तुम्ही त्याची ओल्या खोबऱ्याचं वाटप लावून भाजी करता.

आता वर्षाचा क्रम बघा. पहिल्या पावसाच्या ओलीवर संध्याकाळच्या सुमारास वाळवीच्या कामकरी वारुळाची भोकं उघडतात. सैनिक कडेला उभे राहतात आणि पंखवाले नर-माद्या बाहेर पडतात. गायबगळे, कोतवाल, कावळे, मैना, खाली बेडूक, सगळे टपलेले असतात. जे वाचतात ते थोडं उडून जमिनीवर उतरतात, पंख झाडून टाकतात. मग मादी पुढे आणि नर तिच्या शेपटाला चिकटून मागे, अशी जोडी जागा शोधत धावते. दिवे लावलेले असतील तर ओसरीवर दुसऱ्या दिवशी पंखांचा खच दिसतो तो यांचाच. जोडी मातीत शिरते, आणि तेच पुढे नव्या वारुळाचे राजा-राणी.

पण त्यांच्याजवळ कवक नसतं. बहुतेक जाती माहेरच्या वारुळातून विरजण नेत नाहीत. राजा-राणी आपल्या अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवतात. काही आठवड्यांनी ती कामकरी होऊन पहिल्यांदा बाहेर पडतात, आणि सुक्या पाल्याबरोबर त्यांना कुठूनतरी अळंबीचे बीजाणू मिळावे लागतात. नाही मिळाले तर ते घर उपाशी मरतं. नेमकी त्याच सुमाराला जुन्या वारुळांवरची अळंबी उमलते आणि बीजाणू सोडते.

म्हणजे एकाच दारात बगळा आणि अळंबी काही आठवड्यांच्या अंतराने येतात. बगळा त्या घरच्या पोरांना गिळतो. वाचलेल्यांच्या लेकरांना अळंबी बियाणं पुरवते. बगळ्याने खाऊनही वारुळं टिकली आहेत, कारण बाहेर पडणारी वाळवी हजारोंनी असते आणि त्यांतल्या फार थोड्या जोड्या वाचल्या तरी पुरे होतं. मात्र अळंबी उमलण्याआधीच सगळी उपटली गेली तर पुढच्या पिढीला बियाणं कुठून मिळणार? आपल्याकडे कळीच जास्त भावाने जाते, हे मला माहीत आहे. तरीही प्रत्येक वारुळावर चार-सहा अळंब्या पूर्ण उमलून, कडा फाटून, सडेपर्यंत राहू द्या.

तुमच्याकडे यंदा का आली नाही, तर पहारीमुळे. पहार आत गेली की कवकाच्या खोल्या फुटतात, गड्डे उघडे पडतात, सुकतात, त्यांत दुसरी बुरशी शिरते. वाळवी आधी पडझड सावरते. त्या वर्षी फळ धरायला ताकद उरत नाही. वस्ती जिवंत आहे का ते बघा. वारुळाचा एखादा छोटा ढेकूळ काढून ठेवा. तिथे दुसऱ्या दिवशी ओल्या मातीची डागडुजी दिसली, तर वाळवी आत आहे आणि अळंबी परत येईल. पुढे काढताना जमिनीलगत पिळून किंवा कोयत्याने कापून घ्या, खणू नका. आमच्या शेजारच्या काकी सागाच्या पानात बांधून आणून देतात ती नेहमी बुडाशी कापलेली असते. जागा विचारली की मात्र त्यांना ऐकू येत नाही.

मिस्टरांना माझा निरोप द्या. ही वाळवी प्रामुख्याने मेलेली साल, सुक्या काटक्या, पडलेला पाला खाते. मोठ्या काजूच्या खोडावर मातीचा लेप दिसला की माणसं घाबरतात, पण त्याखाली ती बहुतेक मेलेलीच साल खात असते. लेप खरवडून काढा, खोडाला सुकं गवत टेकू देऊ नका. नवीन लावलेल्या कलमांना मात्र उन्हाळ्यात खरंच धोका असतो. त्यांच्या आळ्यात कच्चं शेणखत घालू नका, पाणी चुकवू नका. कीड लागलीच तर त्या रोपापुरता इलाज सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून करा. पण वारुळात औषध ओतलंत तर अळंबी कायमची गेली. शिवाय विषारी वाळवी टिपायला पहिल्यांदा कोण येणार, ते सासूबाईंनी पाहिलेलंच आहे. आणि सिंधुदुर्गातच सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजतात, तेव्हा घरात हा विषय काढायला सासूबाईंनाच पुढे करा. मिस्टर त्यांचं ऐकतील.

प्रश्न : बाई, आम्ही मुंबईला असतो, दापोलीजवळ घर आहे. अंगणातल्या हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या आल्या आहेत. त्यांच्याभोवती बगळे बिनधास्त फिरतात. पक्ष्यांना चालतं ते आपल्याला चालेल ना? आई म्हणते, चांदीचं नाणं टाकून शिजवावं, काळं पडलं तर विषारी.
– एक वाचक, बोरिवली

नका खाऊ. बगळे छत्र्यांसाठी नव्हे, हिरवळीतल्या किड्यांसाठी फिरतात. आणि खरंच एखाद्या जनावराने अळंबी खाल्ली, तरी त्याचं पोट वेगळं आणि आपलं वेगळं.

हिरवळीवर येणारी, मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली एक छत्री असते, तिचे पापुद्रे वय झालं की हिरवट होतात. खाण्याच्या अळंबीसारखी दिसते म्हणून माणसं फसतात. पांढऱ्या आणि काळ्या कागदाचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर छत्री पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली तर बीजाणूंचा ठसा उमटतो. या छत्रीचा ठसा हिरवट, तर वारुळावरच्या अळंबीचा फिकट गुलाबीसर. पण गुलाबी ठसा आला म्हणून खायला घेऊ नका, तेवढ्या एका खुणेवर जीव टांगायचा नसतो.

चांदीचं नाणं, लसूण, तांदळाचा रंग, हे सगळे उपाय निरुपयोगी आहेत. सर्वांत घातक छत्र्यांत जे विष असतं, ते चांदीला काळं करत नाही, शिजवून जात नाही, सुकवूनही जात नाही. हिरव्या पापुद्र्यांच्या छत्रीने तास-दोन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. जीवघेणी असते तिचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मधे दिवसभर बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. म्हणून रानातली अळंबी खाल्ल्यावर उशिरा उलट्या सुरू झाल्या तर जास्त घाबरायचं, कमी नव्हे. थांबल्या तरी त्याच वेळी इस्पितळ गाठायचं. उरलेली कच्ची छत्री कागदात गुंडाळून आणि भाजी डब्यात घालून सोबत न्यायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, ती कुजून ओळखू येत नाही.